खुलासा: मॅकेन्झीचा त्रिभुज प्रदेश वर्षभरात बुडालेला नाही

कॅनडातल्या मॅकेन्झी नदीचा त्रिभुज प्रदेश वर्षभरात बुडाला, असं सांगत उपग्रहाची दोन चित्रं फिरताहेत. एक ऑगस्टचं, दुसरं पुढच्या जूनच्या सुरुवातीचं. तेव्हा नदीवरचा बर्फ फुटतो, प्रवाहात अडतो आणि तुंबलेलं पाणी सखल भागावर पसरतं, नंतर ओसरतं. तुलना ऑगस्टची ऑगस्टशीच करावी, तीही वादळ नसताना. नदी जिथे मिळते त्या ब्यूफोर्ट समुद्रात भरती-ओहोटी किरकोळ, पण वादळी वारा पाणी दोन मीटरही चढवतो. म्हणून किनाऱ्याची रेषा पाण्याच्या कडेवर आखू नका. कड्याच्या माथ्यावर, कडा नसेल तिथे झुडपांच्या सीमेवर आखा. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या 30 मीटरचा, त्याहून लहान बदल नीट दिसत नाही, त्यामुळे दोन चित्रांत पाच-दहा वर्षांचं अंतर हवंच. धूप मात्र खरी आणि गंभीर आहे: त्रिभुज प्रदेशाजवळच्या पेली बेटाचा कडा काही ठिकाणी वर्षाला 20 मीटरहून जास्त मागे सरकतो.