सेवापुस्तक बघायची हौस असेल तर

सरकारी नोकरीत आहात आणि स्वतःचं सेवापुस्तक, म्हणजे आपल्या अख्ख्या नोकरीच्या नोंदींची वही, एकदा डोळ्यांनी बघावं असं वाटतंय? आधी ग्लासभर पाणी प्या. तरीही हौस टिकली तर अनुभवी बाईचं ऐका. मी 31 वर्षं कारकुनी केली, पाच बदल्या झाल्या आणि सेवापुस्तकाचं दर्शन गेल्या महिन्यात घडलं. निवृत्तीला सात महिने आहेत, म्हणजे तशी घाईच झाली म्हणायची.

आस्थापना शाखेत 'माझं पुस्तक' असा शब्दप्रयोग करू नका. पुस्तक टेबलाचं असतं.

सोमवारी जाऊ नका, साहेबांची मीटिंग असते. मंगळवारी टपाल. बुधवारी पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलेलं असतं. परत आलंच तर कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली रजेवर असते.

दुय्यम सेवापुस्तकाचं, म्हणजे आपल्याजवळ ठेवायच्या नकलेचं, नावही काढू नका. उगाच टेबलावरचा माणूस दुखावतो.

साहेब दरवर्षी आपल्या कामावर लिहितात त्या गोपनीय अहवालाचं विचाराल, तर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवा असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 सालीच देव दत्त खटल्यात सांगितलंय. आमच्या शाखेत ते टपाल अजून फुटलेलं नाही.

फारच घाई असेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा आणि तीस दिवस शांत झोपा. मला बरोबर तिसाव्या दिवशी उत्तर आलं : सदर माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही. दुसऱ्याची सेवाविषयक कागदपत्रं मागणाऱ्याला 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला होता, तो यांनी मलाच लावला. तेव्हापासून आरशात बघतानाही जरा परक्यासारखं वाटतं. अपील केलं तेव्हा कुठे पुस्तक बाहेर आलं.

आता पुस्तक हातात पडल्यावर काय करावं, तर उघडू नये. मी उघडलं. कडा कसरीनं खाल्लेल्या, मधली दोन पानं सुटलेली, आणि 1999 च्या पानावर लाल शाईत 'असाधारण रजा'. ती माझ्या बाळंतपणाची रजा! मंजुरीचा आदेश त्याच पानाला टाचलेला होता म्हणे, टाचणीचा गंज अजून आहे, कागद नाही. असाधारण रजा म्हटली की बिनपगारी, वेतनवाढ पुढे, पुढची सगळी वेतननिश्चिती चुकीची आणि आता म्हणे 86,000 रुपये जादा दिले गेले, ते उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, कापणार. मी म्हटलं, अहो, मुलगा झालाय मला त्या रजेत. तर टेबलावरचा पोरगा, माझ्या मुलाच्याच वयाचा, शांतपणे म्हणाला, "मॅडम, पुस्तकात तसं दिसत नाही." मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला रजा टाकून बोलावू का? शेजारी उभा करून साक्षांकित करून देता?

आणि याच्यावर कळस. दरवर्षी पुस्तक दाखवून कर्मचाऱ्याची सही घ्यायची असते, तो रकाना वर्षानुवर्षं कोरा. पोरानं पेन पुढे केलं. "मागच्या तारखा मी टाकतो, तुम्ही फक्त सह्या मारून टाका, म्हणजे पुस्तक पेन्शनला पाठवायला मोकळं."

नाही मारल्या.

थट्टा पुरे झाली. सही मारली असती तर त्या लाल शाईला मीच होकार दिला असता, आणि हे त्या पोराला चांगलं ठाऊक होतं. गट क च्या कर्मचाऱ्याकडून, तेही निवृत्तीला वर्षाच्या आत, जादा वेतनाची वसुली करायची नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या रफिक मसीह निकालात स्पष्ट लिहिलंय. ते वाचायला तुम्हाला वेळ नाही, कापायला आहे? स्वतःची वेतनवाढ एक दिवस लांबली तर वरच्या मजल्यापर्यंत धावता, आणि दुसऱ्याच्या आयुष्याची नोंद करताना आदेशाचा कागद सांभाळता येत नाही?

आणि मैत्रिणींनो, तुम्हीसुद्धा! "नंतर बघू गं, कोण आपलं पुस्तक खातंय" म्हणत डबा उघडून बसता ना? कसर खाते. मीही तशीच बसले होते.

जुन्या कार्यालयाला मंजुरी आदेशाच्या नकलेसाठी पत्र गेलंय, वसुलीवर लेखी हरकत दिलीय, पोच घेतलीय. सोमवारी परत जातेय. मीटिंग असली तरी.