अकराव्या मिनिटाला मॅनेजर कसा हाकलावा

परवा पहिला गोल खाल्ला तेव्हा अकरावं मिनिट चालू होतं. बाराव्या मिनिटाला चाहत्यांच्या ग्रुपवर मॅनेजरला नारळ मिळाला, तेराव्याला नव्याची नेमणूक झाली, आणि पंधराव्या मिनिटापर्यंत जानेवारीत विकायच्या सात जणांची यादी तयार होती. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा चाहता असावा तर असा. ज्यांना अजून हा वेग जमत नाही, जे बिचारे नव्वद मिनिटं सामना बघतात आणि मग तोंड उघडतात, त्यांच्यासाठी हे थोडं मार्गदर्शन.

मॅनेजरपासून सुरुवात करा. खेळाडू पंचवीस, मॅनेजर एक. नाव लक्षात ठेवायला सोपं जातं. हरलो तर त्याची चूक. जिंकलो तर पोरं त्याच्याशिवायही जिंकली असती. बरोबरी झाली तर बदली खेळाडू उशिरा उतरवले, आणि ते साठाव्या मिनिटालाच उतरवले असतील तर चांगली लागलेली लय मोडली. मध्येच कुणी आपल्या जुन्या मॅनेजरचं, फर्ग्युसनचं, नाव काढलं तर विषय बदला. फार अडचणीचा माणूस आहे तो. नोव्हेंबर १९८६ मध्ये आला, सप्टेंबर १९८९ मध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीकडून ५-१ असा मार खाल्ला, त्या मोसमात लीगमध्ये तेरावा आला, स्टेडियममध्ये त्याच्या नावाने फलक लागले, आणि पहिला करंडक हाती आला तो मे १९९० मध्ये. लीग जिंकायला १९९३ उजाडलं. त्या लीगसकट पुढची तेरा विजेतेपदं आपण बाराव्या मिनिटालाच घालवली असती, हे कुणाच्या लक्षात आलं तर म्हणावं, ‘तो काळ वेगळा होता.’

करंडक जिंकला म्हणूनही कुठल्या मॅनेजरला सोडू नका. व्हान गालला २०१६ चा एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत घरी पाठवलं. टेन हागने मे २०२४ मध्ये तोच कप जिंकला, जुलैमध्ये त्याचा करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. करार वाढवून मग काढायचं, म्हणजे भरपाईही वाढते. ही कल्पना कुणाची होती कुणास ठाऊक, पण आपल्या ग्रुपवरच्या कुणाची तरी असावी असं वाटतं.

नवा मॅनेजर नेहमी मोसमाच्या मधेच मागा. उन्हाळ्यात आणला तर त्याला सराव घ्यायला सहा आठवडे मिळतात, आणि मग तक्रारीला जागा उरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमोरिम आला तो ३-४-२-१ ही रचना (बचावापासून पुढे कुठे किती माणसं, ते आकडे) घेऊन, आणि हाती मिळाला तो ४-२-३-१ साठी जमवलेला संघ. या दोन आकड्यांत फरक काय, असं विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढा, कारण उत्तर कंटाळवाणं आहे. चार बचावपटूंच्या रचनेत डाव्या बाजूला दोन माणसं असतात, विंगर (कडेचा आक्रमक) आणि फुलबॅक (कडेचा बचावपटू). तीनच्या रचनेत ती अख्खी पट्टी एकट्या विंगबॅकची. चेंडू आपल्याकडे असताना त्याने समोरच्याच्या पेनल्टी बॉक्सपाशी असायचं, चेंडू गेला की साठ-सत्तर मीटर मागे धावायचं, आणि हे सामन्यात चाळीस वेळा. डावीकडचे शॉ आणि मलासिया दुखापतींतून उठत होते, म्हणून डाव्या बाजूला उजव्या पायाचा डालोट. तो क्रॉस टाकण्याआधी चेंडू उजव्या पायावर घेणार, तेवढ्यात समोरचा बचाव जागेवर येणार. उजवीकडे अमाद, म्हणजे जन्मजात विंगर, त्याला बचाव करायला लावलेला. मध्ये मिडफिल्डला दोनच जण. समोरच्याने तिसरा माणूस आत आणला की तीनास दोन, आणि त्या दोघांतला एक कासेमिरो असेल तर मागची मोकळी जागा टीव्हीवरसुद्धा दिसायची. डाव्या बाजूसाठी डोर्गू इटलीतल्या लेच्चेहून आला तो फेब्रुवारीत. मोसम संपला पंधराव्या क्रमांकावर, ४२ गुण, १८ पराभव. तुम्ही मात्र ‘पोरांना जर्सीची किंमत नाही’ एवढंच लिहा. ते सगळीकडे चालतं.

आकडेवारी वापरायचीच तर एक्सजी (मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते तो आकडा) वापरा, पण फक्त आपला जास्त असेल तेव्हा. त्यात जवळपास पाऊण गोलाची एक पेनल्टी धरलेली आहे, हे सांगायची गरज नाही.

आता खरेदी. खेळाडू पारखायला सहा मिनिटांचा व्हिडिओ पुरतो. पाठीमागे ढोल-ताशासारखं संगीत हवं, आणि दोन वर्षांतले सगळे बरे क्षण एकाखाली एक. स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू पारखणारे लोक, उगाच वेळ घालवतात. ते बाहेरच्या मैदानावरचा सामना बघतात, संघ ०-१ ने मागे असताना बघतात, चेंडू जवळ नसताना तो कुठे उभा राहतो ते बघतात, पास येण्याआधी मान वळवून मागे पाहतो का ते मोजतात, नावडत्या पायावर चेंडू आला तर काय करतो ते टिपून ठेवतात. विंगर अंतोनीच्या व्हिडिओत तो चेंडूभोवती गोल गिरक्या घेत होता. तेवढ्यावर आपला सौदा पक्का होता, ९ कोटी ५० लाख युरोंचा, २०२२ चा.

या सौद्याचा हिशोब मात्र एकदा समजून घ्या, कारण पुढे तो लागणार आहे. क्लबच्या वह्यांत खरेदीची रक्कम एकदम खर्ची पडत नाही, ती कराराच्या वर्षांत वाटली जाते. पाच वर्षं धरली तर दरसाल १ कोटी ९० लाख युरो. तीन वर्षांत ५ कोटी ७० लाख खर्ची पडले, उरले ३ कोटी ८० लाख. २०२५ मध्ये स्पेनच्या बेतिसने घेतला सुमारे २ कोटी २० लाखांना. म्हणजे ढोबळ मानाने दीड कोटीच्या वर तोटा नुसत्या कागदावर, पगार वेगळाच. लांब करार दिला की दरसालचा आकडा छोटा दिसतो. चेल्सीने मुद्रिकला जानेवारी २०२३ मध्ये साडेआठ वर्षांचा करार दिला तो यासाठीच, आणि मग ही वाटणी पाच वर्षांपुरतीच करता येईल असा नियम आला.

‘विका त्याला’ हे दिवसातून एकदा तरी म्हणावं. कोण घेणार, हे विचारू नये. आठवड्याला अडीच लाख पौंड पगार आणि कराराची तीन वर्षं बाकी, म्हणजे घेणाऱ्याच्या डोक्यावर ३ कोटी ९० लाखांचा बोजा, तोही खरेदीची किंमत सोडून. खेळाडू ‘इथे बसून तेवढेच मिळतात’ म्हणाला की सौदा संपला. मग उसना द्यायचा आणि अर्धा पगार आपणच भरायचा. सांचोला २०२१ मध्ये ७ कोटी ३० लाख पौंडांना आणलं. चेल्सीने तो आधी उसना नेला, मोसमाअखेर विकत घ्यायचं बंधन घालून, आणि मोसम संपल्यावर ५० लाख पौंड दंड भरून परत पाठवला. आपला माल परत करायला लोक पैसे मोजतात, अशी पत कमवायला वर्षं लागतात.

रिलीज क्लॉजची (ठरलेली रक्कम भरली की खेळाडू सोडावाच लागतो, त्या अटीची) मुदत कधीही वाचू नये. फेलायनीचा क्लॉज २०१३ मध्ये जुलैअखेरपर्यंत २ कोटी ३५ लाख पौंडांचा होता. आपण शेवटच्या दिवशी २ कोटी ७५ लाखांना घेतला. घाई करून चाळीस लाख कोण वाचवणार?

ब्राझीलमधल्या सोळा वर्षांच्या पोराचं नाव सुचवत राहा. ब्रेक्झिटनंतर इंग्लिश क्लबला अठराखालचा परदेशी खेळाडू घेता येत नाही, ही अडचण क्लबची, आपली नव्हे.

२०१५ मध्ये कागद वेळेत न पोचल्याने गोलकीपर डे गेयाचा रियल माद्रिदशी सौदा फसला, त्या फॅक्स मशीनबद्दल काही बोलायचं नाही.

आणि आता सगळ्यात आवडीचा विषय, अकॅडमीची, म्हणजे क्लबने घरीच घडवलेली पोरं. इथे नियम सोपा आहे. पोरगं पहिल्या सामन्यात बरं खेळलं की ‘पुढचा गिग्ज’, तिसऱ्या सामन्यात तीनदा चेंडू घालवला की ‘लीग वनची (म्हणजे तिसऱ्या पातळीची) लायकी’. ऑक्टोबर १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या संघात अकॅडमीचा निदान एक तरी खेळाडू आहे, हे चित्र दरवर्षी अभिमानाने पुढे पाठवायचं, आणि त्याच संध्याकाळी त्यातल्याच एकाला शिव्या घालायच्या. तीनदा चेंडू का गेला ते बघायचं नाही. चेंडू त्याला पायात मिळाला, पाठ गोलकडे, रेषेला चिकटून. मागचा फुलबॅक बाहेरून पुढे धावला असता तर समोरच्या दोघांतला एक तरी त्याच्यामागे गेला असता. फुलबॅक जागचा हलला नाही, दहा नंबरवाला जवळ आला नाही. दोघांच्या मध्ये सापडलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने करायचं काय? मागे पास दिला तर भित्रा, पुढे गेला तर गर्विष्ठ.

मॅकटॉमिनेचं उदाहरण घ्या. लहानपणापासून क्लबमध्ये. कधी खोल मिडफिल्डर म्हणून वापरला, कधी पार पुढे, एक जागा पक्की अशी नाहीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध ०-१ ने मागे होतो. बदली म्हणून आला आणि नव्वद मिनिटांनंतरच्या वाढीव वेळेत दोन गोल करून सामना फिरवला. ग्रुपवरचं मत तरीही ठरलेलं: ‘पळतो नुसता, विका.’ २०२४ मध्ये विकला, अडीच कोटी पौंडांच्या आसपास. का विकला? वर अंतोनीचा हिशोब केला तो इथे उलटा लावा. अकॅडमीच्या पोराची खरेदी किंमत वह्यांत शून्य, म्हणून विक्रीची पै न् पै नफा. आणि तेव्हा प्रीमियर लीगचा नियम होता की तीन वर्षांचा तोटा मिळून १० कोटी ५० लाख पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे बाहेरून आणलेल्या फसलेल्या विंगरचा खड्डा बुजवायला घरचं पोर विकायचं. विंगर विकून खड्डा बुजत नाही, उलट वाढतो, म्हणून तो ठेवायचा! मॅकटॉमिने इटलीत नापोलीला गेला, पहिल्याच मोसमात लीगमध्ये बारा गोल केले, शेवटच्या दिवशी काल्यारीविरुद्ध हवेत तिरका होऊन गोल मारला, नापोली विजेते, हा सेरी आचा, तिथल्या लीगचा, सर्वोत्तम खेळाडू. आणि मग ग्रुपवर कोण रडत होतं? ‘पळतो नुसता’ वाले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे पिकतं तेच विकतात. अकॅडमीचाच एलांगा १ कोटी ५० लाखांना नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिला, दोन वर्षांनी न्यूकॅसलने ५ कोटींच्या वर मोजून त्यांच्याकडून घेतला. पोग्बा तर २०१२ मध्ये जवळपास फुकट सोडला, २०१६ मध्ये ८ कोटी ९० लाख पौंडांना परत आणला, जगातला तेव्हाचा सर्वात महाग खेळाडू, आणि २०२२ मध्ये पुन्हा फुकट जाऊ दिला. एकच माणूस दोनदा फुकट गेला!

आणि यातलं एकही आपण अडवलं नाही. मालक ग्लेझरांनी अडवलं नाही हे खरंच, त्यांच्याबद्दल नव्याने काय बोलणार. पण ‘मोठं नाव हवं’ अशी ओरड कुणाची असते दर जूनमध्ये? सांचेस क्लबच्या व्हिडिओत पियानो वाजवत आला तेव्हा नाचलं कोण? पंचेचाळीस सामने, पाच गोल. डी मारियाला सात नंबरची मानाची जर्सी दिली आणि तो वर्षभरात गेला, तेव्हाही बोट मॅनेजरकडेच. प्रत्येक मॅनेजर आपल्या पद्धतीची चार माणसं आणतो, आपण त्याला अठरा महिन्यांत घालवतो, पुढचा येऊन त्या चौघांना बाजूला बसवतो आणि नवी चार आणतो. पाच गवंड्यांनी पाच नकाशे घेऊन बांधलेलं घर आहे हे, आणि प्रत्येक वेळी गवंडी बदला म्हणून दारात उभे आपणच. ब्रायटनने कायसेदो ५० लाखांच्या आसपास आणला आणि ११ कोटी ५० लाखांपर्यंतच्या सौद्यात विकला. त्यांच्याकडे मॅनेजर बदलला तरी काय प्रकारचा खेळाडू घ्यायचा हे बदलत नाही, म्हणून. आर्सेनलने मॅनेजर आर्टेटाला दोनदा आठव्या क्रमांकावर येऊ दिलं, त्यानंतर २०२१ मध्ये पहिले तीन सामने गोल न करता हरू दिले, आणि ठेवला. तिथेही ‘हाकला’ म्हणणारे होतेच. क्लबने ऐकलं नाही एवढंच.

परवा तो पहिला गोल खाल्ल्यावर आपल्या अकॅडमीच्या पोराला ग्रुपवर जे लिहिलं ते काढून टाका. त्याच्या आईच्या नावाने लिहिणं हे फुटबॉलवरचं मत नसतं. गोल झाला तो त्याच्यामुळे नव्हे. सेंटर बॅक पुढे आला, मिडफिल्डरने त्याची जागा धरली नाही, आणि स्ट्रायकर त्या फटीतून निघाला. पुन्हा लावून बघा, चेंडू सोडून आपला सहा नंबर, म्हणजे बचावापुढचा मिडफिल्डर, कुठे उभा आहे तेवढंच बघा. आणि नवा मॅनेजर म्हणून ज्याचं नाव तेराव्या मिनिटाला टाकलंत, त्याच्या सध्याच्या संघाचा एक सामना आधी पूर्ण बघा. नव्वद मिनिटं. हायलाइट्स नाही.