व्हेनिसला जाताय? मग राजवाड्याच्या खांबांकडे मान वर करून बघा

व्हेनिसला जाऊन आलेल्यांचे फोटो बघतो. गोंडोला असतो, सान मार्को चर्चचे घुमट असतात. दोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या निवडलेल्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्याचे खांबही असतात, पण फक्त टेकून उभं राहायला. मला याचं खरंच वाईट वाटतं. एवढं मोठं सागरी साम्राज्य चालवणाऱ्या शहराने आपलं जग त्या खांबांच्या माथ्यांवर कोरून ठेवलंय, तेही रस्त्यावरच्या कुणालाही दिसेल असं.

पाण्याकडच्या बाजूचं काम १३४० च्या सुमारास सुरू झालं, चौकाकडची बाजू १४२४ नंतर वाढवली. खांब आज जरा बुटके वाटतात, कारण फरसबंदी उंचावत गेली आणि तळखडे जमिनीखाली गेले. वरची स्तंभशीर्षं मात्र भरगच्च. एकावर फळांच्या टोपल्या: चेरी, नासपती, काकडी, अंजीर, द्राक्षं, आणि नावं चक्क तिथल्या बोलीत कोरलेली! एकावर पाथरवट, सोनार, चांभार, सुतार, लोहार आपापल्या कामात गढलेले. सत्ताधीशाच्या घरावर कारागिरांनी स्वतःलाच कोरावं आणि राज्याने ते मिरवावं, हे मला फार मोठं वाटतं.

आणि ते प्रेमकथेचं शीर्ष! भेट, चुंबन, लग्नाची शेज, बाळ. पुढच्या बाजूला तेच मूल गेलेलं आणि आईबाप शोकात. जिथे लोक सौदे करत, सावलीला बसत, तिथे हे दुःख कोरायला कुणीतरी परवानगी दिली होती.

१५७७ च्या आगीनंतर जुनं पाडून नव्या पद्धतीचं बांधा, असं म्हणणारेही होते. सिनेटने जुनाच राजवाडा दुरुस्त केला, म्हणून हे सगळं उरलं. पुढे १८७६ पासूनच्या मोठ्या दुरुस्तीत ४२ शीर्षं उतरवली, १३ खालची आणि २९ वरच्या सज्जाची, आणि जागी हुबेहूब नकला बसवल्या.

‘मग नकलाच ना, काय बघायचं?’ असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. खाऱ्या हवेत मूळ दगड झिजू देण्यापेक्षा हे शंभरपट योग्य केलं. खांबाला माथा हवाच, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट तिथेच वाचता यायला हवी. मूळ शीर्षं राजवाड्याच्याच तळमजल्यावरच्या संग्रहालयात, डोळ्यांच्या उंचीवर ठेवली आहेत. गर्दी तिथून थेट जिन्याकडे पळते. तुम्ही पळू नका. आधी तिथे निवांत तासभर द्या, मग बाहेर येऊन खांबांखालून एक फेरी मारा. वरची सोनेरी दालनं नंतर बघा.