एक वर्षाचा करार म्हणजे दारच दाखवणं

ह्यूस्टन ॲस्ट्रोज या अमेरिकी बेसबॉल संघाचा माजी जनरल मॅनेजर (खेळाडू आणून संघ बांधणारा) जेम्स क्लिक, त्याच्यावरच्या लेखाबद्दल थोडंसं. ‘जेम्स क्लिकला संघ आयता मिळाला होता, त्यामुळे तो गेल्याने ॲस्ट्रोजचं काही अडलं नाही’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. अल्टुवे, ब्रेगमन, टकर हे खेळाडू त्याच्या आधीचे, कबूल. पण २०२२ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका) ज्या बुलपेनने, म्हणजे नंतर बदली येणाऱ्या गोलंदाजांच्या ताफ्याने, खेचून आणली, त्यातले मोंटेरो, नेरिस, स्टॅनेक क्लिकनेच आणले. चौथ्या सामन्यात चौघा गोलंदाजांनी मिळून नो-हिटर टाकला (प्रतिस्पर्ध्यांना एकही ‘हिट’ मिळू दिला नाही), त्यातली आठवी इनिंग मोंटेरोचीच! ५ नोव्हेंबरला विजेतेपद आणि ११ तारखेला जनरल मॅनेजर बाहेर. मालक जिम क्रेन यांनी पुढे केलेला एक वर्षाचा करार ही कसली बक्षिसी? (संघाचा प्रशिक्षक डस्टी बेकरने तसाच करार घेतला, पण त्याची गोष्ट वेगळी, तो सत्तरी ओलांडलेला.)

आमच्या कंपनीत मोठं काम वेळेत संपवणाऱ्या साहेबांना असंच ‘वर्षभर बघू’ म्हटलं होतं. महिन्याभरात ते गेले. आणि अडलं नाही म्हणता, तर जनरल मॅनेजरची खुर्ची रिकामी असतानाच होसे अब्रेयू या फलंदाजाला तीन वर्षांसाठी ५ कोटी ८५ लाख डॉलर दिले गेले. जून २०२४ मध्ये त्याला सोडून द्यावं लागलं, करार अर्धाच झाला होता.