साडेतेराशेचं खवट तेल आणि वर म्हणे एक्सपायरी बाकी आहे

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. गेल्या आठवड्यात घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सुपरमार्केटमधून एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइलची एक लिटरची बाटली आणली, साडेतेराशे रुपये मोजून. बाबांच्या हार्टच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून आणतो, हौस म्हणून नाही. सील तोडलं, काकडी-टोमॅटोवर घालायला चमच्यात घेतलं, तर आई ओट्यापाशी उभी होती ती तिथूनच म्हणाली, "जुनं खोबरं काढलंस का गं?" खोबरं कुठलं, हे तेलच होतं. मग तिने तळहातावर चार थेंब घेतले, दुसऱ्या हाताने चोळले, नाकाशी नेले आणि म्हणाली, "खवट झालंय हे. बाबांना देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन परत गेले. काउंटरवरचा मुलगा बाटली फिरवून तारीख बघतो आणि म्हणतो, मॅडम एक्सपायरी पुढच्या वर्षीची आहे. अरे दादा मी तारखेचं बोलतच नाहीये, वास घेऊन बघ ना. नाही. मॅनेजरला बोलावलं, त्यांचं वेगळंच, सील तुटलंय मॅडम, खाण्याची वस्तू उघडली की रिटर्न होत नाही. म्हणजे सील तोडल्याशिवाय वास कळणार नाही आणि सील तोडलं की परत घेणार नाही, मग माणसाने करायचं काय? झाकण उघडून तीन माणसांसमोर धरलं मी, एकानेही नाक पुढे केलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली अक्षरशः.

आणि राग नुसत्या पैशांचा नाहीये. एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे ऑलिव्ह तेलाचा सगळ्यात वरचा दर्जा, हे नाव मुळात वासावर आणि चवीवरच मिळतं हो! लॅबमधले आकडे असतातच, आम्लता ०.८ टक्क्याच्या आत हवी, पेरॉक्साइड, म्हणजे तेल हवेने किती बिघडलंय त्याचं माप, २० च्या आत हवं वगैरे, पण तेवढ्याने भागत नाही. इंटरनॅशनल ऑलिव्ह कौन्सिल म्हणून ऑलिव्ह तेलाचे दर्जे ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या नियमाप्रमाणे ट्रेनिंग घेतलेल्या आठ ते बारा जणांचं पॅनल बसतं, निळ्या काचेच्या छोट्या ग्लासात तेल २८ डिग्रीच्या आसपास कोमट करून आधी वास घेतात मग चव घेतात, आणि खवट, कुबट, आंबूस असा एक जरी दोष पॅनलला लागला तर ते तेल एक्स्ट्रा व्हर्जिन राहत नाही, खालच्या ग्रेडला जातं. ग्लास निळा का, तर तेलाचा रंग दिसू नये म्हणून. आणि आपल्याकडे लोक काय करतात, बाटली ट्यूबलाइटसमोर धरून "बघ कसलं हिरवंगार आहे" म्हणून घेतात. तर ज्या तेलाचा वास आईला चार पावलांवरून आला ते स्वतःच्या लेबलप्रमाणेच एक्स्ट्रा व्हर्जिन नाही, आणि मला सांगतायत तारीख बाकी आहे.

त्या तारखेचंही ऐका. बेस्ट बिफोर मोजतात ते बाटली भरल्यापासून, साधारण दीड-दोन वर्षं. पण ऑलिव्ह झाडावरून उतरतात ऑक्टोबर ते डिसेंबर-जानेवारीत, तेल तेव्हाच निघतं, आणि मग ते टाकीत सहा महिने पडून होतं का वर्षभर, हे बाटलीवर कुठेच नाही. त्या दिवशी पूर्ण शेल्फ चाळला मी, एका तरी बाटलीवर हार्वेस्ट डेट असेल म्हणून, एकीवरही नव्हती! नौपाड्यात आम्ही जिथून लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणतो तो काका न विचारता सांगतो, ताई परवा काढलंय, आणि चमच्यात थोडं ओतून वासही घ्यायला देतो. आणि इथे त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून तेल कधी काढलं एवढं साधं कळू नये?

वर ते ठेवलंय कसं बघा. पारदर्शक बाटल्या, वरून दिवसभर भगभगीत लाइट. ऑलिव्ह तेलाला प्रकाश, उष्णता आणि हवा तिन्ही बाधतात, त्यात हिरव्या तेलातलं क्लोरोफिल उजेडात उलट खराब व्हायला हातभारच लावतं, म्हणून तर चांगलं तेल गडद काचेत नाहीतर पत्र्याच्या डब्यात भरतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद टेम्पोतून खोकी फिरतात, गोडाऊनमध्ये पत्र्याखाली पडून राहतात, मग कसं टिकेल ते?

पोमेसचं तर वेगळंच. शेजारच्या काकू दोन वर्षं पाच लिटरचा डबा आणतायत, "आम्ही ऑलिव्हच वापरतो" म्हणून, मी परवा डबा फिरवून बघितला तर ऑलिव्ह ऑइल हे शब्द केवढे मोठे आणि पोमेस मुंगीएवढ्या अक्षरात. पोमेस म्हणजे तेल काढून झाल्यावर उरलेला चोथा, साल, गर, बिया, त्यातलं राहिलेलं तेल सॉल्व्हंटने काढायचं, रिफाइन करायचं आणि वरून थोडं व्हर्जिन मिसळायचं. तळायला वापरा हवं तर, पण ते काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहा ना! काकूंचा चेहरा बघवला नाही मला. एक्स्ट्रा लाइटचंही तेच, लोकांना वाटतं कमी फॅटचं, तर लाइट म्हणजे रिफाइन करून रंग-चव घालवलेलं, कॅलरी तेवढ्याच.

आणि सगळ्यात जास्त कशाने चिडचिड होते सांगू, चांगलं तेल आलं तरी आपल्याला ओळखता येत नाही कारण कोणी कधी चाखूच दिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मावसभावाने स्पेनहून अर्ध्या लिटरचा डबा आणला होता, तिथल्या खाएन प्रांताकडचं, पिकुआल जातीच्या ऑलिव्हचं, डब्यावर नोव्हेंबरची तोडणी छापलेली. उघडल्यावर कापलेल्या गवताचा, कच्च्या टोमॅटोच्या पानाचा वास. आईने अर्धा चमचा घेतला, आधी कडू लागलं आणि मग घशात मिरी अडकल्यासारखा ठसका आला, म्हणाली हे बिघडलंय. नव्हतं बिघडलेलं! तो ठसका ओलिओकँथल नावाच्या घटकाचा, २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की तो आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीसारखं काम करतो, ताज्या तेलात तो जास्त असतो. ऑनलाइन रिव्ह्यू वाचा, "कडू आहे, घसा जळतो, नकली माल, एक स्टार". आणि जुन्या, चव मेलेल्या तेलाला "एकदम स्मूद, वासच नाही" म्हणून पाच स्टार. मग कंपन्या ताजं तेल इथे पाठवतील कशाला?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर फ्रिजमध्ये ठेवा, गोठलं तर असली, हा मेसेज दर दोन महिन्यांनी येतो. गोठणं हे तेलातल्या फॅटी अॅसिडवर आणि मेणावर असतं, शुद्धतेवर नाही, किती वेळा सांगायचं.

फक्त भारतातच असं होतं असंही नाही, २०१० साली कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठाने तिथल्या दुकानांतलं तेल तपासलं तर एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणून आयात केलेल्या नमुन्यांपैकी ६९ टक्के वास-चवीच्या परीक्षेत नापास. पण तिथे निदान कोणीतरी वास घेतला. २०२२-२३ च्या हंगामात स्पेनमध्ये दुष्काळाने उत्पादन निम्म्यावर आलं तेव्हा आपल्या शेल्फवरच्या किमती चढल्या, ते मान्य, पीकच नाही तर काय करणार. पण वाढीव भाव घेता ना, मग माल तरी बघून घ्या.

बाटली अजून घरीच आहे, झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवलीय, बिलासकट. शनिवारी आईला सोबत घेऊन परत जाणारे. बाटली उघडून मॅनेजरच्या टेबलावर ठेवणार, शेजारी घरच्या शेंगदाणा तेलाची छोटी बाटली ठेवणार, आणि दोन्हींचा वास घेईपर्यंत तिथून हलणार नाहीये.