घोट्याला पिस्तूल बांधा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. अँकल होल्स्टर (घोट्याला बांधायचं पिस्तुलाचं कव्हर) घ्या, घोट्याला पिस्तूल बांधा, वेळ आली की एका सेकंदात हातात, कोणाला दिसत नाही, दिवसभर जाणवत नाही, आणि लायसन्स असलं की कुठेही न्या. खाली अमेरिकन छोट्या पिस्तुलाचा फोटो.

सगळ्यात मोठी थाप त्या "एका सेकंदात" मध्ये आहे. उभे असाल तर आधी वाकायचं किंवा गुडघ्यावर बसायचं, एका हाताने पॅन्ट वर खेचायची, दुसऱ्याने पट्टा सोडवून हत्यार काढायचं, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले, मान खाली आणि समोरचा तुमच्या डोक्यावर उभा. पळत असाल तर विषयच संपला. अमेरिकेत पोलीससुद्धा घोट्याला ठेवतात ते दुसरं, जास्तीचं हत्यार, मेन कमरेलाच असतं. हां, गाडीत सीटबेल्ट लावून बसलात तर कमरेपेक्षा घोट्याला हात लवकर जातो, तेवढं मान्य. पण आपण गाडीत असतो किती आणि लोकलमध्ये किती!

दिसत नाही म्हणे. सैल फॉर्मल पॅन्टमध्ये उभं असेपर्यंत नाही दिसत, पण बसलं की पॅन्ट वर सरकते, आणि लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथे म्हणून अर्धे टेकून पाय बाहेर काढून बसलात की येणारा जाणारा पिशवी त्याच घोट्यावर आपटणार. हल्लीच्या टाईट जीन्समध्ये तर फुगवटा लांबून दिसतो. आणि आपल्याकडे कोणाच्याही घरी गेलं की दारातच चपला-बूट काढायचे, सत्यनारायणाला गेलात तर खाली मांडी घालून बसायचं, शेजारी रांगणारं पोर. तिथे पायाला भरलेलं पिस्तूल? मला तर विचारानेच घाम फुटतो.

जाणवत नाही हेही खोटंच. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं "निर्भीक" रिव्हॉल्वर, जे २०१४ मध्ये महिलांसाठीचं हलकं हत्यार म्हणून गाजलं, ते अर्धा किलोच्या आसपास आहे. अर्धा किलो एकाच पायाला बांधून दादर स्टेशनचा ब्रिज चढून बघा. शिवाय रस्त्याची सगळी धूळ तिथेच बसते. जुलैत दादरजवळ हिंदमाताला तुंबलेल्या गुडघाभर पाण्यातून चाललात की हत्यार गढूळ पाण्यात बुडलेलंच, मग रात्री खोलून साफ करत बसा, नाहीतर गंज ठरलेला.

आता लायसन्स. झाकून नेणं हा गुन्हा नाही, उलट आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे पब्लिकमध्ये हत्यार पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात असावंच लागतं. पण "कुठेही" कुठून आलं? लायसन्सवर एरिया लिहिलेला असतो, दुसऱ्या राज्यापुरतं असलेलं मुंबईत चालत नाही, विमानात सोबत घेऊन बसता येत नाही, मॉलच्या दारातच मशीन वाजतं आणि निवडणूक आली की पोलीस जमा करायला सांगू शकतात. मुळात इथे लायसन्स पोलीस आयुक्तांकडून मिळवायचं, कारण पटवून द्यायचं, मेसेज वाचून कोणी देत नाही. आणि फोटोतलं ते ९ एमएम सामान्य माणसाला मिळतच नाही, तो प्रतिबंधित बोर (नळीचं माप) आहे, आपल्याला मिळणार ते .३२ वगैरे.

ज्याने फॉरवर्ड केलंय त्याच्याकडे लायसन्स आहे का, एवढं तरी कोणीतरी विचारा ग्रुपवर.