मर्ल हॅगर्ड, पास आणि मालगाडी

अमेरिकन कंट्री गायक मर्ल हॅगर्डचं नाव काढलं की दोन गोष्टी हमखास निघतात. एक म्हणजे सॅन क्वेंटिनचा तुरुंग, आणि दुसरी म्हणजे व्हिएतनामच्या दिवसांत हिप्पींना टोले हाणणारं ते गाणं. त्या गाण्याने त्याच्यावर जो राजकीय शिक्का बसला तो बसलाच. माझं म्हणणं असं की हा माणूस आधी रेल्वेवाल्याचा पोरगा होता, बाकीचं सगळं नंतर.

वडील सांता फे रेल्वेत सुतार. ओक्लाहोमातलं बिऱ्हाड मंदीच्या काळात कॅलिफोर्नियात आलं आणि बेकर्सफील्डजवळच्या ऑइलडेलमध्ये त्यांनी घर केलं ते रेल्वेच्या एका जुन्या डब्यात. नाशवंत माल थंड ठेवून नेणारा डबा. सुताराच्याच हाती पडल्यामुळे त्याचं खरंखुरं घर झालं. मर्लचा जन्म ६ एप्रिल १९३७चा. त्याचं लहानपण याच डब्यात गेलं. १९४६ साली वडील वारले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

त्यानंतर पोरगा हाताबाहेर गेला. दहा-अकरा वर्षांचा असताना एका दोस्ताबरोबर मालगाडीत चढला आणि फ्रेझ्नोला पकडला गेला. यातली गंमत अशी की त्याला फुकट प्रवास करता आला असता! रेल्वेवाल्याचं घर, पास होता.

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, त्यामुळे हा किस्सा वाचून हसू आलं आणि मग जरा थांबलोच. पासावर जायचं म्हणजे 'अमक्याचा मुलगा' म्हणून जायचं. कुठून कुठपर्यंत, सोबत कोण, सगळं त्या कागदावर लिहिलेलं. टीसी आला की आधी वडिलांचं नाव. ज्याचे वडील नुकतेच गेलेत त्या पोराला हे नको झालं असेल का? हा आपला माझा तर्क. पण रेल्वेची गाणी म्हणजे भटकंती आणि मोकळं आकाश असं जे सर्रास लिहिलं जातं, त्यापेक्षा मला तो जास्त पटतो. ज्याच्या घरात रेल्वेचा पगार येतो त्याला गाडीचं कौतुक वेगळं असतं. त्यात ड्यूटी असते, बदली असते.

पुढे चोऱ्यामाऱ्या, सॅन क्वेंटिन, १९६०मध्ये सुटका, मग कंट्री गाण्यांच्या यादीत अडतीस नंबर वन गाणी. हे सगळ्यांना माहीत आहे.

मला भिडतं ते १९६९ साल. ते टोलेवालं गाणं याच वर्षीचं. त्याआधी काही महिने त्याने काय काढलं, तर कंट्री संगीताचा जनक मानल्या जाणाऱ्या जिमी रॉजर्सच्या गाण्यांचा दुहेरी अल्बम! ऐन भरात असलेल्या गायकाने छत्तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची गाणी गायला घ्यायची, याला हिंमत लागते. रॉजर्स मिसिसिपीचा. त्याचे वडीलही रेल्वेतले, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगचे मुकादम. तो स्वतः ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा. क्षयाने नोकरी सुटली आणि १९२७मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टलला त्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. १९३३ साली, पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. शेवटच्या रेकॉर्डिंगच्या वेळी दोन गाण्यांच्या मध्ये पडायला स्टुडिओत खाट टाकली होती. हॅगर्ड त्याची नक्कल करत नाही हे महत्त्वाचं. योडल, म्हणजे आवाज झटक्यात वर-खाली नेणारी रॉजर्सची ती तान, घेतो तेही जपून, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं.

१९७६ला त्याने रेल्वेवर आणखी एक पूर्ण अल्बम केला. त्याचं शीर्षकगीत गायिका डॉली पार्टनने लिहिलेलं. तोवर वाफेची इंजिनं केव्हाच भंगारात गेली होती आणि १९७१पासून बहुतेक पॅसेंजर गाड्या अ‍ॅमट्रॅक या सरकारी कंपनीकडे गेल्या होत्या, पुष्कळशा तर बंदच झाल्या. हा अल्बम मला थोडा हळवा वाटतो. काही ठिकाणी तर शिट्टीचे आवाज जरा जास्तच झालेत. पण ज्याने मॉडेल ट्रेनचा छंद म्हातारपणापर्यंत सोडला नाही त्याला एवढं माफ.

तो २०१६मध्ये गेला, तोही ६ एप्रिललाच. ते डब्याचं घर त्याच्या आदल्या वर्षीच बेकर्सफील्डच्या म्युझियममध्ये हलवलं होतं.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी १९६९चा अल्बम आधी घ्या, हळवा नंतर. आणि गाण्यांच्या मधलं त्याचं बोलणं गाळून पुढे जाऊ नका, रॉजर्सची सगळी गोष्ट त्यातच आहे.